पायमोज्यातली बाटली

परतूर
१० मार्च २०२५

चि. दैवशाला,
अनेक आशीर्वाद.

घरात फोन असताना ही म्हातारी पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. मला ऐकू कमी येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर टाकून ओरडून बोलावं लागतं. आणि तू पाठवलेली अक्षता दिवसभर यांच्या पलंगाला चिकटलेली असते. तिच्याबद्दल तिच्याच देखत ओरडू कशी? आमच्या शेजारचा राजानंद नोकरीसाठी रोज रेल्वेने जालन्याला येतो-जातो. तो हे तुझ्या हातात देईल. उत्तरही त्याच्याच हाती पाठव, पाकीट नीट चिकटवून.

आधी चांगलं लिहिते. तू दवाखान्यातली आयाची नोकरी सोडलीस, जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानावर खोली घेतलीस आणि स्वतःचा घरसेवेचा धंदा काढलास, याचं मला खरंच कौतुक आहे. शाळेत तू माझ्या तासाला कुणाचं डोकं दुखलं की तेल लावत बसायचीस आणि गणित मात्र एक सोडवायची नाहीस. तेव्हा रागावले होते. आता ते तेलच कामाला आलं.

अक्षताला येऊन तीन आठवडे झाले. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. यांना उठवते, पुसते, कूस बदलते, भरवते. यांची उजवी बाजू आणि वाचा गेल्यापासून इतकं निगुतीने कुणी केलं नव्हतं, हे मान्य. पण दैवशाला, ती मला सरळ वाटत नाही.

स्वतःचा डबा आणते, आमच्या घरचा चहासुद्धा घेत नाही. सहा वाजता निघताना न विचारता पिशवी माझ्यासमोर पालथी करून दाखवते. ज्याच्या मनात काही नाही त्याला असं दाखवायची गरज काय? एक वही असते, तीत सारखं काही लिहिते, आणि मी खोलीत आले की मिटते. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो, आणि ही यांना पेल्यामागून पेला पाजत असते. मी स्पष्ट सांगितलंय, चारनंतर काही पाजायचं नाही. मान हलवते. पण डोळ्यांत निराळंच असतं.

तू तिला कुठून आणलंस, कुणाची कोण, हे मला सविस्तर कळव.

तुझी बाई,
तारा

---

जुना जालना
१३ मार्च

ती. बाईंना,
दैवशालाचा नमस्कार.

पाकिटावर तुमचं अक्षर पाहिलं. वाटलं, राहिलेली गणितं मागताय.

बाई, पिशवी, डबा, वही हे तिन्ही नियम माझे आहेत, अक्षताचे नव्हेत. दवाखान्यात एकदा एका पेशंटच्या सुनेची पाटली हरवली, तेव्हा आम्हा सात आयांना ओळीत उभं करून झडती घेतली. पाटली नंतर त्या सुनेच्याच पर्समध्ये सापडली. माफी कुणी मागितली नाही. तेव्हाच ठरवलं, माझ्या बायांवर ती पाळी येऊ द्यायची नाही. त्यांनी स्वतःच पिशवी दाखवायची आणि ताठ मानेने घरी जायचं.

वहीत काका किती घास जेवले, किती पाणी प्यायले, लघवी किती वेळा झाली, पाठीला कुठे लाल झालंय, हे असतं. ती वही तुमचीच आहे. मागून बघा.

अक्षता परतूरचीच आहे, माहेरी राहते. नवरा वारला. हात हलका आहे तिचा, हे तर तुम्हीच लिहिलंय.

माझ्याकडे सध्या चार बाया आणि पाच घरं आहेत. तुमच्या निवृत्त शिक्षकांच्या गटातली तीन घरं तुमच्याकडे बघून थांबलीत, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तुमच्या घरात माझं नाव टिकलं तर माझी पाटी टिकेल, न्हाई तर पुन्हा दवाखान्यात फरशा पुसायच्या. म्हणून हात जोडून सांगते, काही खटकलं तर आधी मला कळवा, मग गटात बोला.

तुमची,
दैवशाला

---

परतूर
२१ मार्च

चि. दैवशाला,
आशीर्वाद.

वही मागून बघितली. तुझ्या बाईचं अक्षर बरं आहे. सकाळी आठ ते चार, पाण्याचे पेले लिहिलेत. त्याच्यापुढे 'रात्री' असा रकाना आखलाय, आणि रोज त्यात नुसतं प्रश्नचिन्ह. रात्रीशी हिचा काय संबंध? रात्री घरात मी आणि हे. रोज सकाळी आली की चप्पल काढायच्या आधी विचारते, "बाई, काका रात्री काही प्यायले का?" उलटतपासणी घेतल्यासारखी.

आता मुद्द्याचं ऐक. गेले आठ दिवस यांची चादर रात्री ओली होतेय. जानेवारीपासून एकदाही झाली नव्हती. मी तेवढी काळजी घेत आले आहे. डायपर यांना सहन होत नाही, बांधायला गेलं की रडतात, म्हणून सगळं वेळेवर बसवलं होतं मी. मग एकाएकी काय झालं? ती यांना काहीतरी देते, दैवशाला. लघवी होण्याचं, गुंगीचं, काय ते देव जाणे. माणूस हातात राहावा म्हणून असल्या बाया काय काय करतात, ते पेपरात वाचतेच की.

आणखी एक लिहू की नको, कळत नाही. लिहितेच. ती यांच्या कानाशी लागून हळू काहीतरी बोलते आणि हे हसतात. अर्ध्या तोंडाने, पण हसतात. सहा वाजता ती निघाली की डाव्या हाताने तिच्या ओढणीचं टोक धरतात. आणि मी जवळ गेले की भिंतीकडे तोंड करतात. शेहेचाळीस वर्षं संसार केला मी या माणसाशी. बाजार समितीत कारकून असताना कापसाच्या दिवसांत रात्री अकराला यायचे, मी ताट झाकून बसायची. आणि आता मला भिंत, आणि तिला हसू!

मला वाईट वाटतं, हे तुला सांगायला लाज कसली.

माझा अद्वैत पुण्याहून रोज फोनवर विचारतो, बाबा कसे आहेत. मी 'सगळं बराबर आहे' म्हणते. त्याच्या कानावर घालण्याआधी तू हिला काढ.

तारा

---

जुना जालना
२४ मार्च

ती. बाईंना नमस्कार.

काल रविवारी अक्षताला जालन्याला बोलावून घेतलं. समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "काकाला तू काही देऊन राह्यलीस का? खरं सांग."

तिने खाली मान घातली. म्हणाली, "ताई, मी वाईट काही केलं न्हाई. याच्या पुढचं मला इचारू नका."

बाई, ती साफ 'न्हाई' म्हणाली असती तर मी तिच्यासाठी तुमच्याशी भांडले असते. पण 'पुढचं विचारू नका' म्हणजे पुढचं काहीतरी आहे. मीही रात्रभर तळमळले.

तुमच्यापासून मी एक गोष्ट लपवली होती, ती आता सांगते. अक्षताला याआधीच्या घरातून, इथं जालन्यातच, चोरीचा आळ घेऊन काढलं होतं. सिद्ध काही झालं नाही, पोलीसही आले नाहीत. मी तिला दवाखान्यापासून ओळखते, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला नाही आणि तुम्हाला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर तुम्ही तिला दारातसुद्धा उभं केलं नसतं. चूक माझी आहे.

उद्यापासून अक्षता तुमच्याकडे येणार नाही. बदली बाई शोधतेय, पण परतूरला रोज जाईल अशी लगेच मिळत नाही. आठवडाभर तुम्हाला एकटीने ओढावं लागेल. काकांना माझा नमस्कार सांगा.

गटात अजून बोलू नका, एवढीच विनंती.

दैवशाला

---

परतूर
२९ मार्च

दैवशाला,

या पत्रासोबत राजानंदच्या हाती एक पिशवी देतेय. तिच्यात यांचा जुना पायमोजा आहे आणि पायमोज्यात प्लास्टिकची बाटली. झाकणाला भोक पाडून त्यातून नळी काढलीय, सलाईनची असते तसली. काल गादी उन्हात टाकायला काढली, तेव्हा यांच्या डाव्या बाजूला, गादी आणि भिंतीच्या फटीत सापडली. पलंगाच्या दांडीला नाडीने बांधून ठेवली होती. वरून चादर, म्हणजे मला कधी दिसूच नये!

आत अजून दोन बोटं काहीतरी शिल्लक आहे. वास येत नाही. तू दवाखान्यात चौदा वर्षं काढलीस, तुझ्या ओळखी असतील. तपासून घे आणि काय आहे ते मला लिहून कळव. मी हात लावताना रुमाल घेतला होता, तूही घे.

हे आजारी आहेत. अक्षता गेली आणि चौथ्या दिवशी ताप भरला. ओठ फुटले, जीभ लाकडासारखी झाली, हाक मारली तर डोळे उघडेनात. डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून गेले. लघवीत जंतू झालेत आणि अंगातलं पाणी फार कमी झालंय म्हणाले. पाणी किती पितात म्हणून विचारलं. मी सांगितलं, भरपूर. मला तर वाटतं, तिने जे काही पाजलं तेच अंगात भिनलंय आणि आता बाहेर पडतंय.

चादर मात्र ती गेल्या दिवसापासून कोरडी आहे. आता तूच सांग, माझा संशय खोटा होता का?

यांचं काही बरंवाईट झालं तर मी पोलिसांत जाईन. तुझ्या पाटीची मला पर्वा नाही. सोमवारी गटाची बैठक आहे, तिथं मी बोलणार आहे.

तारा गजानन

---

जुना जालना
३० मार्च

ती. बाईंना,
दैवशालाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितेय. आज सकाळी तुमच्याकडे यायला स्टेशनपर्यंत गेले होते. तिकीटही काढलं. पण तुम्ही वर्गात उभं केलंत की माझी वाचा बसायची, तसंच आजही झालं असतं. म्हणून परत आले आणि लिहायला बसले. आज रविवार, राजानंद घरीच असेल. पहाटेच्या गाडीने परतूरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती पाकीट देतेय. बैठकीच्या आत तुम्हाला मिळेल.

बाटली मी उघडली. रुमाल घेतला नाही. वास घेतला, मग थेंब जिभेवर ठेवला, मग उरलेलं सगळं प्यायले.

पाणी आहे, बाई. साधं माठाचं पाणी.

मग अक्षताला पुन्हा बोलावलं. पायमोजा समोर ठेवला, तेव्हा ती रडायला लागली. तिचे शब्द आहेत तसेच लिहिते.

"ताई, मी सकाळी गेले की काकाची जीभ टाळूला चिकटलेली असायची. पहिला पेला हातातून हिसकून घेयाचे. बाईनं सांगितलं व्हतं, चारनंतर पाजायचं न्हाई. मी बाईला इचारलं, रात्री पाजता का, तं बाई रागवायच्या. मंग मी बाटली करून दिली. डाव्या हातानं नळी तोंडात धरायचं शिकवलं त्यायला, कानात सांगून सांगून. जमलं तवा काका हसले. मागच्या घरी सून सासूला मारायची, ते मी तिच्या लेकाला खरं सांगितलं, तं तिसऱ्या दिवशी मीच चोर झाले. आता खरं सांगायचं भ्या वाटतं मला. म्हणून गुपचूप केलं."

चादर का ओली झाली आणि आता का कोरडी आहे, हे मी लिहायला नको. तुम्ही मला गणित शिकवलंय.

मीही अक्षतावर संशय घेतला, तिला काढून घेतलं, आणि काका चार दिवस त्या बाटलीशिवाय राहिले. त्या तापात माझाही वाटा आहे. तो मी नाकारत नाही.

बाई, आता मला एकच विचारायचंय. संध्याकाळी चारपासून सकाळी आठपर्यंत काकांना पाणी कोण देतं?

दवाखान्यात मी असं कितीतरी पाहिलंय. पोटची पोरं करतात, जन्मभर जीव लावलेल्या बायका करतात. पाणी दिलं की उठवावं लागतं, उठवायला हातात बळ राहत नाही. वाईट म्हणून कुणी करत नाही, दमलेलं माणूस करतं. पण पेशंट त्यानेच जातो, बाई. ताप आला, जंतू झाले, एवढंच लिहिलं जातं.

आजपासून, हे पत्र वाचून खाली ठेवलंत की लगेच, त्यांना पाणी द्या. डॉक्टरांना खरं सांगा. दोन दिवसांत तुमचं उत्तर आलं नाही तर मी अद्वैतदादाला फोन करणार आहे. तुम्ही बैठकीत माझं नाव घ्या, पोलिसांत जा, माझी पाटी उतरवा. तरी करणार.

रागावलात तर हक्काने रागवा.

दैवशाला

---

परतूर
१ एप्रिल

दैवशाला,

पत्र मिळालं. बत्तीस वर्षं शिकवलं मी, पण एका विद्यार्थिनीने येऊन मला नवरा कसा सांभाळायचा ते शिकवावं, एवढं आयुष्य लांबेल असं वाटलं नव्हतं. अद्वैतला फोन करायचा तर कर. यापुढे मला लिहू नकोस.

तारा

---

परतूर
५ एप्रिल

चि. दैवशाला,

मागचं पत्र फाडून टाक. राजानंदच्या हाती ते दिलं, त्याच दुपारी हे लिहायला हवं होतं. चार दिवस लागले.

त्या दिवशी चार वाजता मी रोजच्यासारखी यांच्या उशाजवळचा पेला उचलला आणि स्वयंपाकघराकडे निघाले. तुझ्यावर चरफडतच होते. दारात सहज वळून बघितलं. यांची नजर पेल्याबरोबर दारापर्यंत आली होती. माझ्याकडे नव्हते बघत ते, पेल्याकडे बघत होते.

मी तिथंच खाली बसले.

तू विचारलंस, कोण देतं. कुणी देत नव्हतं. जानेवारीत एका रात्री यांना लघवीसाठी उठवताना तोल गेला. मी खाली आणि हे माझ्या अंगावर. ना मला हलता येईना, ना यांना. फोन पलीकडच्या खोलीत. सकाळी दूधवाला आला तोवर आम्ही दोघं फरशीवर तसेच पडून. हे रडत होते आणि मी यांना बोलत होते. काय काय बोलले, ते तुला लिहिणार नाही. अद्वैतला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने आम्हाला उचलून पुण्याला नेलं असतं, आणि मला माझं घर सोडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून चारनंतर पाणी बंद केलं. चादर कोरडी राहू लागली आणि मी स्वतःला हुशार समजले.

मला कळलं नाही, असं लिहावं म्हणून दोनदा कागद घेतला. ते खोटं होईल. मला कळत होतं. रात्री यांचे ओठ वाजायचे. मला ऐकू कमी येतं हे सगळ्या परतूरला माहीत आहे, पण ते ओठ मला ऐकू यायचे. मी कूस बदलून झोपायची. आणि सकाळी मला हवा होता कुणीतरी चोर. तू पाठवलेली पोर आयतीच सापडली.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नुसतं लिहून घेतलं. अद्वैतला सांगितलं. आज रात्री येतोय.

अक्षताच्या घरी गेले होते. तिने बसायला पाट दिला आणि चहा टाकला. मी चहा घेतला. म्हटलं, "बाई, माझं चुकलं." ती म्हणाली, "मी येते उद्यापासून. पण काकासाठी." बरोबर बोलली. आजपासून आली आहे.

सोमवारच्या बैठकीत मी तुझ्याविरुद्ध बोलून बसले होते, हेही तुला कळायला हवं. तुझं पत्र वाचूनही बोलले. काल तिन्ही घरी पायी जाऊन ते शब्द परत घेतले. का परत घेते, हेही सांगितलं. दोघींनी दार लोटून घेतलं. तिसरी तुला फोन करणार आहे.

यांचा ताप उतरलाय. दर दोन तासांनी मी पाणी देते, माझ्या हातून पितात. मी यांना सगळं बोलून दाखवलं, माफी मागितली. त्यांनी ऐकलं. पण माझ्याकडे बघत नाहीत. पेला तोंडाला असतो तेव्हासुद्धा बघत नाहीत. आज पाचवा दिवस आहे.

मला रात्रीसाठीही एक बाई पाठव. बळकट असावी, यांना एकटीने उचलता आलं पाहिजे. आणि येण्याआधी तिला माझं हे सगळं नीट सांगून ठेव. काही झाकू नकोस. मी दमले की काय करते ते आता मला माहीत झालंय, आणि मी पुन्हा दमणार आहे. मास्तरीण आहे, वयाने मोठी आहे, बायको आहे, असं समजून तिने माझ्या भरवशावर यांना घटकाभरही सोडू नये.

तारा